बॅजवर विसंबू नकोस, गळा मोजून घे

किरणोत्सारी औषधं हाताळताना छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे किरणोत्साराचा डोस नोंदवणारा बिल्ला, आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो बाहेरून लागलेला डोस नोंदवतो. श्वासावाटे आत गेलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत किती साठलं, हे त्याला कळत नाही. द्रवरूप आयोडीन हाताळलंस की दुसऱ्या दिवशी थायरॉइड प्रोबसमोर, म्हणजे गळ्यातला किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसच. आधी हात आणि कॉलर तपास, तिथला एक थेंबही आकडा फसवतो. मग मांडीवर बॅकग्राउंड (थायरॉइड सोडून येणारा, तुलनेसाठीचा आकडा) घे, नंतर गळ्यावर, प्रोबचं अंतर तेवढंच ठेवून. टेक्नेशियम-९९एम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) जेमतेम ६ तास, त्याची शंका आली तर त्याच दिवशी मोज. आयोडीनचं ८ दिवस आहे, तरी चालढकल नको. आणि आयोडीनची बाटली फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) उघड, कितीही घाई असो. आकडा नेहमीपेक्षा वर दिसला तर लगेच आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना) सांग; त्यात कमीपणा काही नाही.