जुना अकॉर्डियन पुन्हा वाजता कसा करावा?

भुसावळला पत्र्याखालच्या माळ्यावर बारा वर्षं पडून असलेला वडिलांचा अकॉर्डियन, असं तुम्ही लिहिलंय. पहिली विनंती, भाता जोर लावून ओढू नका. हवेचं बटण दाबून हळूच उघडा. घड्यांच्या कोपऱ्यांतून हवा निसटते का, बुरशीचा वास येतो का, बघा.

खरी काळजी मेणाची. बहुतेक अकॉर्डियनमध्ये पोलादी रीड (हवेने थरथरून सूर देणारी पाती) लाकडी पट्ट्यांवर मधमाशीचं मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने बसवलेले असतात. हे मेण साठेक अंशांना वितळतं, मऊ त्याआधीच पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो, मग पत्र्याखाली किती होत असेल! वर जुनं मेण ठिसूळही होतं. रीड सुटले असतील तर मेण नव्याने भरावं लागतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या. गंज दिसला तरी तेलाचा थेंबही नको, सूर बिघडतो आणि धूळ चिकटते. काही सूर उशिरा लागत असतील तर चामड्याच्या झडपा वळल्या असतील, त्या बदलता येतात.

उन्हात मात्र वाळवू नका. यापुढे खालच्या खोलीत, वाजवताना धरतात तसाच उभा ठेवा.