नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

प्रश्न : मी ६९ वर्षांची निवृत्त शिक्षिका, कऱ्हाडला राहते. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, सासूबाई त्याआधीच. राहता फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला, माझ्याच नावावर. पाटण तालुक्यातली दीड एकर जमीन यजमानांच्या खरेदीची. सातबारावर अजून त्यांचंच नाव. शिवाय ठेवी आणि थोडं सोनं. मुलगा पुण्यात, मुलगी इथेच. सोसायटीत नॉमिनी मुलगा. तो म्हणतो, ‘नॉमिनी मी आहेच, बक्षीसपत्रही करून टाक, दोनशे रुपयांत काम होतं.’ मला फ्लॅट मुलीला आणि जमीन मुलाला द्यायची आहे. काय करू?

उत्तर : बाई, बक्षीसपत्रावर आत्ता सही नको. दोनशे रुपयांचं खरं आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क तेवढंच, स्थानिक अधिभार लागला तर तो वेगळा. पण बक्षीसपत्र नोंदवलं की त्याच दिवशी घर तुमचं राहत नाही आणि मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मुलानं सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम आधाराला आहे, पण ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात नसतील तर आईला ते सिद्ध करत बसावं लागतं. माझ्याकडे अशा आया येतात, म्हणून जरा कडक बोलते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासद करून घेईल, इतकंच. तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाही, तर फ्लॅट दोन्ही मुलांना निम्मा-निम्मा. बँकेतही तेच: १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत, टक्के ठरवून नॉमिनी लावता येतात, पण बँक पैसे कोणाच्या हातात देईल एवढंच त्यानं ठरतं. तेव्हा नॉमिनेशन मृत्युपत्राशी जुळतं करून घ्या.

फ्लॅटसाठी मृत्युपत्रच करा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी मी दुय्यम निबंधकांकडे नोंदवायला सांगते, कारण पुढे ‘ही आईची सहीच नव्हे’ म्हणायला फारशी जागा उरत नाही. दोन साक्षीदार हवेत, दोघांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं. लोक हौसेनं आपल्याच वयाच्या मैत्रिणी आणतात. साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा त्या असतातच असं नाही. पन्नाशीच्या आतले, गावातच राहणारे आणि मृत्युपत्रात काही न मिळणारे दोघं बघा. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. मुलाला फ्लॅट का दिला नाही, तेही एका वाक्यात लिहा. ‘सोनं दोघांनी समजुतीनं घ्यावं’ असं मात्र कृपा करून लिहू नका. पाटल्या कोणाला, मोहनमाळ कोणाला, वजनासकट लिहा. माझ्या अनुभवात जमिनीपेक्षा पाटल्यांवरून जास्त बोलणं बंद होतं.

जमिनीचा पेच वेगळा आहे. यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर ती तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांची, एक तृतीयांश प्रत्येकी. तुमच्या मृत्युपत्रानं फक्त तुमचा हिस्सा मुलाला जाईल. मुलीचा हिस्सा त्याला द्यायचा तर तिनं स्वतः हक्कसोडपत्र नोंदवून द्यायला हवं. तलाठ्यासमोर ‘मला नको’ म्हटल्यानं भागत नाही. तिला आजच विचारा, आणि फ्लॅट तिला देताय हेही त्याच बैठकीत मुलासमोर सांगा. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे; मग तुमची वाटणी नव्याने मांडावी लागेल.

वारसनोंदीचा अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. चार वर्षं तशीच गेली आहेत. यजमानांचा मृत्यूचा दाखला आणि चालू सातबारा घेऊन याच महिन्यात द्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर तिघांचीही नावं लागली आहेत ना, ते स्वतः वाचून बघा.