कलाशाळेची सूत्रं हाती घेताना

पहिल्या सत्रात एकही नवं धोरण जाहीर करू नका. आधी वर्गांत जाऊन बसा. शिल्पकलेच्या वर्गात ओली कामं वाळायला जागा पुरते का, भट्टी लावली की रात्री कोण थांबतं, हे डोळ्यांनी पाहा. अंदाजपत्रकातली ‘साहित्य’ ही ओळ तेव्हा कुठे कळते. कपातीची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावरच चालते. तिथे ठाम उभे राहा.

वास्तुकार वॉल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू केली. तिथल्या कार्यशाळांत एक कलावंत आणि एक कसबी कारागीर असे दोघं मिळून शिकवत. मला ही रचना फार मोलाची वाटते. कारभारात मात्र कारागिरांना बरोबरीचं स्थान नव्हतं. तुम्ही ते द्या. भट्टी सांभाळणाऱ्याला बैठकीला बोलवा आणि त्याचं आधी ऐका.

स्टुडिओचे तास सलग ठेवा. तुकड्यातुकड्यांच्या तासात रंग कालवणं आणि ब्रश धुणं एवढंच होतं.

स्वतःचं कलाकाम सोडू नका. फायली कधीच संपत नाहीत. आठवड्यातली एक दुपार आजच वेळापत्रकात राखून ठेवा, आणि ती राखलेली आहे हे सहकाऱ्यांनाही सांगा.