'कझगम' नव्हे, कळगम: आणि त्याला मराठीत जवळचा शब्द 'फड'

प्रश्न: तमिळनाडूतील पक्षांच्या नावांत येणारा शब्द वृत्तपत्रांत कधी 'कळघम', कधी 'कळगम' असा छापलेला दिसतो आणि वाहिन्यांवर 'कझगम' असा ऐकू येतो. यांपैकी बरोबर रूप कोणते? आणि त्याचा अर्थ 'पक्ष' असाच घ्यायचा का?

उत्तर: 'कझगम' हा उच्चार साफ चुकीचा आहे. तमिळमध्ये 'झ' हा ध्वनीच नाही, त्यामुळे कोणताही तमिळ माणूस, कितीही शिकलेला वा न शिकलेला, हा शब्द असा उच्चारत नाही. या शब्दातला दुसरा व्यंजनध्वनी रोमन लिपीत 'झेड' आणि 'एच' ही अक्षरे जोडून लिहिण्याचा प्रघात आहे. आपल्या वृत्तनिवेदकांनी मूळ शब्दाची चौकशी न करता त्या रोमन अक्षरांचा आपल्या सवयीने उच्चार केला आणि तो रूढ करून टाकला. त्याच चुकीने तमिळ राजकारणातल्या कनिमोळी यांची 'कनिमोझी' झाली आणि अळगिरी यांचे 'अझागिरी' झाले. 'कनि' म्हणजे पिकलेले फळ आणि 'मोळि' म्हणजे बोली. इतक्या गोड नावाची अशी मोडतोड रोज कानावर पडावी, याचा मला मनापासून राग येतो.

प्रत्यक्षात तो ध्वनी काढताना जीभ 'ळ'साठी वळवतो तशीच मागे वळवायची असते, मात्र टाळूला टेकवायची नसते. देवनागरीत त्यासाठी 'ळ'खाली टिंब देऊन 'ऴ' असे अक्षर करण्यात आले आहे आणि काही काटेकोर मंडळी मराठीतही ते वापरण्याचा आग्रह धरतात. मला तो आग्रह अनाठायी वाटतो. मदुरै-तिरुनेलवेलीकडचे कितीतरी तमिळ भाषक बोलताना या ध्वनीच्या जागी सरळ 'ळ'च म्हणतात, आणि मराठीने तर शतकानुशतके हा ध्वनी 'ळ'नेच लिहिला आहे. याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द त्या भाषेचे नाव आहे. 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी नेमका हाच ध्वनी आहे. 'चोळ' राजघराण्याच्या नावातही तोच आहे. पोर्तुगीजांना तो 'र'सारखा ऐकू आला म्हणून चोळमंडलाचे 'कोरोमंडल' झाले, पण मराठी माणसाने चोळांना चोळच म्हटले. ज्यांना 'कझगम' म्हणायचे असेल त्यांनी 'तमिझ' आणि 'चोझ' असेही म्हणावे. ते म्हणत नसतील, तर 'कळगम' म्हणावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रश्न मला हाती घ्यावासा वाटला तिच्याकडे येतो. 'द्रविड मुन्नेत्र कळगम' या नावात हा ध्वनी एकदा नाही, दोनदा दडलेला आहे. 'कळगम'मध्ये तो उघड आहे. 'द्रविड'मध्ये तो 'ड'चे सोंग घेऊन बसला आहे. 'तमिळ' हा शब्द उत्तरेकडे गेला तेव्हा पालीत त्याचे 'दमिळ' झाले आणि संस्कृतात 'द्रमिड', 'द्रविड' अशी रूपे आली. प्राकृतातून आलेल्या शब्दाला संस्कृत वळण देताना त्यात 'र' घातला गेला. कलिंगचा प्राचीन राजा खारवेल याच्या हाथीगुंफा शिलालेखात तमिळ देशांच्या संघाताचा जो उल्लेख वाचला जातो, तेथे याच ध्वनीच्या जागी 'र' आहे. म्हणजे एकाच ध्वनीला कोणी ळ, कोणी ड, कोणी र म्हणाले. 'झ' मात्र कोणालाही ऐकू आला नव्हता.

ज्या रॉबर्ट कॉल्डवेल यांनी 1856 मध्ये आपल्या तुलनात्मक व्याकरणातून 'द्राविडी' हे भाषाकुलाचे नाव रूढ केले, त्यांचे मत मात्र याच्या उलटे होते; 'द्रविड' हा मूळ शब्द आणि 'तमिळ' हे त्याचे झिजलेले रूप, असे ते मानत. कॉल्डवेल यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही, परंतु या एका बाबतीत त्यांनी घोड्यापुढे गाडी जोडली आहे. एखाद्या समाजाने आपल्या भाषेचे नाव परभाषेतून उसने घ्यावे, आणि ते घेताना परभाषेत नसलेला, केवळ आपल्याच जिभेवर असलेला ध्वनी त्यात घालावा, हे पटणारे नाही. आजही कोणी कॉल्डवेल यांचा दाखला देऊन 'तमिळ शब्द संस्कृतातून आला' असे ठोकून देतो, तेव्हा त्याने दीडशे वर्षांतले पुढचे काही वाचलेले नाही एवढेच सिद्ध होते. आपल्याकडच्या 'पंचद्रविड' या जुन्या वर्गवारीतही द्रविड, कर्णाट, गुर्जर, महाराष्ट्र आणि तैलंग अशी नावे येतात. तेथे 'द्रविड' म्हणजे तमिळ प्रदेश, एवढाच अर्थ आहे.

'कळगम' या शब्दाचा आजचा अर्थ मंडळ, संघटना, संस्था असा सांगितला जातो आणि तो बरोबर आहे. विद्यापीठाला तमिळमध्ये 'पल्कलैक्कळगम' म्हणतात: 'पल्' म्हणजे अनेक, 'कलै' म्हणजे कला, अशा अनेक कलांचे कळगम. सरकारी बसगाड्या चालवणारे महामंडळ हेसुद्धा 'पोक्कुवरत्तुक् कळगम', म्हणजे जाण्या-येण्याचे कळगम. पण प्राचीन तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांच्या 'कुरळ' या नीतिपर काव्यात द्यूतावर जे दहा दोहे आहेत, त्यांत हाच शब्द जुगाराच्या अड्ड्यासाठी आला आहे. कळगमात पाऊल टाकले की पिढ्यान्‌पिढ्यांची संपत्ती आणि शील दोन्ही नष्ट होतात, असे तिरुवळ्ळुवर बजावतात. तमिळ कोशांत विद्वानांची सभा, मल्लविद्येची जागा आणि द्यूतगृह हे अर्थ या एकाच शब्दाखाली दिलेले आहेत.

काही जण हा अर्थविस्तार पाहून गोंधळतात आणि शब्द दोन वेगळे असावेत, असा तर्क लढवतात. मराठी माणसाने मुळीच गोंधळू नये, कारण आपल्याकडे याच चालीचा 'फड' हा शब्द आहे. मोल्सवर्थच्या कोशात 'फड'खाली न्यायकचेरी, बाजार, जकातघर, लिलावाची जागा, जुगारगृह, नाचगाण्याचे ठिकाण, आखाडा, वादविवादाची जागा असे अर्थ एकापाठोपाठ दिलेले आहेत. कुस्तीचा फड, तमाशाचा फड आणि साहित्यिकांचा फड हे प्रयोग आजही जिवंत आहेत. आणि पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे वासकर फड, देहूकर फड आहेत, जेथे 'फड' म्हणजे एका परंपरेला मानणाऱ्यांची बांधीव संघटना. जुगारापासून कचेरीपर्यंत आणि आखाड्यापासून संप्रदायापर्यंत 'फड' जितका फिरला, जवळजवळ तितकाच 'कळगम' फिरला आहे. या दोन शब्दांत रक्ताचे नाते आहे असे मी म्हणत नाही. माणसे जेथे ठरवून जमतात आणि एकमेकांशी सामना करतात, मग तो फाशांचा असो, बाहूंचा असो की शब्दांचा, ती जागा हा दोहोंचा मूळ अर्थ असावा, आणि जागेचे नाव पुढे जमणाऱ्यांना लागले असावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून 'कळगम'चे भाषांतर 'संघ', 'परिषद', 'दल' असे करणाऱ्यांपेक्षा 'फड' म्हणणारा मूळ शब्दाच्या अधिक जवळ जातो.

'कळगम'चा संबंध 'खळे' या मराठी शब्दाशी जोडणारेही भेटतात. तो बादरायण संबंध आहे. 'खळे' आणि संस्कृत 'खल' यांच्याशी ज्या तमिळ शब्दाची सांगड घातली जाते तो 'कळम्' असून त्यातला 'ळ' हा आपला साधा, टाळूला टेकणारा 'ळ' आहे. मराठी लेखनात दोन्ही सारखे दिसतात म्हणून ते एक ठरत नाहीत.

हा शब्द राजकारणात कसा आला हे पाहिल्याशिवाय 'पक्ष' म्हणावे की नाही, याचा निर्णय होत नाही. 1916 मध्ये मद्रासेत ब्राह्मणेतरांची जी संघटना उभी राहिली आणि जिला लोक जस्टिस पार्टी म्हणत, तिच्या तमिळ नावात 'संगम' म्हणजे 'संघम' हा संस्कृत शब्द होता. त्याच सुमारास शुद्ध तमिळची चळवळ सुरू झाली. तिचे प्रवर्तक स्वामी वेदाचलम् यांनी स्वतःच्या नावाचेही भाषांतर केले; वेदाला 'मरै' आणि अचलाला 'मलै' म्हणून ते मरैमलै अडिगळ झाले. 'संगम'ऐवजी 'कळगम' या देशी शब्दाला मान मिळाला तो या वातावरणात. पुढे ऑगस्ट 1944 मध्ये सेलमच्या परिषदेत पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्या नेतृत्वाखाली आणि सी. एन. अण्णादुरै यांच्या ठरावाने जस्टिस पार्टीचे नाव बदलून 'द्रविडर कळगम' करण्यात आले. ही संघटना निवडणूक लढवणारी नव्हती. समाजसुधारणा हे तिचे काम होते. त्यामुळे 'पक्ष' या अर्थाचा तमिळमधला प्रचलित शब्द 'कट्चि' तिने घेतला नाही, हे अगदी योग्य झाले.

येथे एका 'र'कडे लक्ष द्यायला हवे, कारण मराठीत तो बहुधा गळतो. पेरियारांची संघटना 'द्रविडर' कळगम, आणि 17 सप्टेंबर 1949 रोजी मद्रासेत अण्णादुरैंनी स्थापन केली ती 'द्रविड' मुन्नेत्र कळगम. 'द्रविडर' म्हणजे द्रविड माणसे. 'द्रविड' हे प्रदेशालाही लागू पडणारे विशेषण. एका अक्षराच्या या वजाबाकीत वंशाकडून प्रदेशाकडे सरकण्याचा हेतू होता, असे अभ्यासक सांगतात आणि मला ते पटते. फूट पडण्याचे तात्कालिक निमित्त पेरियारांचा मणियम्मै यांच्याशी झालेला विवाह हे होते, परंतु 15 ऑगस्ट 1947 हा दिवस शोकदिन मानायचा की आनंदाचा, यावरही गुरुशिष्यांत आधीच मतभेद झाले होते. तरीही नव्या पक्षासाठी पेरियारांच्या जन्मदिवसाचीच निवड झाली आणि अध्यक्षपदाची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवून अण्णादुरै सरचिटणीस राहिले.

'मुन्नेत्र' या शब्दात अनेकांना 'नेत्र' दिसतात आणि 'पुढे पाहणारा' असा अर्थ लावला जातो. हे पूर्णपणे चुकीचे आहे. 'मुन्' म्हणजे पुढे आणि 'एट्रम्' म्हणजे चढणे, वर जाणे. दोन्ही मिळून प्रगती. आपण लिहितो तो 'त्र' हा केवळ तमिळमधल्या एका जोडव्यंजनाच्या उच्चाराचा अंदाज आहे. याच 'एट्रम्' शब्दाने तमिळ शेतकरी विहिरीचे पाणी उपसण्याचे एक जुने साधन ओळखतात. खांबावर तोललेला लांब लाकडी दांडा असतो, त्याच्या एका टोकाला पोहरा बांधलेला असतो. एक माणूस दांड्यावर तोल सांभाळत पुढे-मागे चालतो आणि दुसरा खाली उभा राहून पोहरा ओततो. त्या तालावर म्हणायची गाणीही आहेत. पक्षाचे नाव ठेवताना हे साधन कोणाच्या मनात असेल असे नाही, पण शब्दाच्या पोटात ते आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते.

अण्णादुरैंचे कळगम 1957 मध्ये निवडणुकीत उतरले, 1963 मध्ये त्याने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडली, 1967 मध्ये ते सत्तेवर आले, आणि तेव्हापासून 'कळगम' हा शब्द व्यवहारात 'पक्ष' झाला. 1972 मध्ये एम. जी. रामचंद्रन, 1994 मध्ये वैको आणि 2005 मध्ये विजयकांत यांनी नवे पक्ष काढले तेव्हा प्रत्येकाने नावात 'कळगम' ठेवले. वारकऱ्यांत नवा फड निघाला तरी तो फडच म्हणवतो, तसेच हे आहे. तेव्हा 'द्रमुक पक्ष' म्हणण्यात चूक नाही, मात्र 'कळगम म्हणजे पक्ष' असे कोशात लिहिणे चूक ठरेल, कारण मग विद्यापीठ आणि बस महामंडळ हेही पक्ष मानावे लागतील.

राहिला 'घ'. तमिळ लिपीत महाप्राण अक्षरे नाहीत आणि स्वरांच्या मधला एकेरी 'क' मऊ होऊन 'ग'सारखा, बोलण्यात तर कधी 'ह'सारखा येतो. त्यामुळे 'कळघम'मधल्या 'घ'ला कोणताही आधार नाही. तो मराठीत फार रुळला आहे हे मान्य करूनही मी 'कळगम'च लिहीन. 'द्रमुक' आणि 'अण्णाद्रमुक' ही संक्षिप्त रूपे मात्र अगदी निर्दोष आहेत.

काटेकोरपणाची हौसच असेल, तर ती 'ऴ'च्या टिंबावर खर्च करण्यापेक्षा तमिळ माणूस जेथे खर्च करतो तेथे करावी. अभिनेते विजय यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या पक्षाचे नाव जाहीर केले तेव्हा त्यात 'वेट्रि कळगम' असे लिहिले होते. तमिळ संधीनियमानुसार येथे पुढच्या 'क'चे द्वित्व होऊन 'वेट्रिक् कळगम' व्हायला हवे, हे भाषाप्रेमींनी लगेच दाखवून दिले आणि पक्षाने नावात तो 'क्' घातला. अण्णादुरैंच्या पक्षाचे तमिळ नावही असेच 'मुन्नेट्रक् कळगम' आहे.