रेमंड वेस्ट शोधताय? नावाने नको, खातं आणि साल सांगून मागा

‘सर रेमंड वेस्ट यांच्या नावाची फाइल आमच्याकडे नाही’ असं उत्तर आल्याचं तुम्ही लिहिलंय. ब्रिटिश काळातल्या मुंबई हायकोर्टाच्या याच न्यायाधीशाची माहिती शोधताना मीही जुन्या सरकारी कागदपत्रांच्या अशाच एका कार्यालयात ताटकळलोय, म्हणून लिहितो. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथे फाइल क्रमांक मागायचे, आणि क्रमांक ज्या सूचीत असतात ती मात्र बघू द्यायचे नाहीत. लेखी अर्ज केला की ‘माहिती उपलब्ध नाही’. माझा सर्वाधिक वेळ या एका ओळीने खाल्ला. त्या ओळीपाशी विषयच सोडून दिलेली माणसं मला माहीत आहेत, त्याचा राग आजही जात नाही.

त्या उत्तराचा अर्थ एवढाच, की त्या नावाचं शीर्षक नाही. मुंबई सरकारचं दप्तर खात्यावार आणि वर्षावार लावलेलं आहे. वेस्ट १८५६ साली मुलकी नोकरीत आले, १८७३ मध्ये हायकोर्टावर गेले. तेव्हा ‘न्याय खातं, १८७३, हायकोर्टातली नेमणूक’ असं मागा. इथे नाहीच मिळालं, तर सरकारी कामकाजाच्या प्रती लंडनला जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याच्या) दप्तरात आहेत.

माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या: हायकोर्टाच्या छापील निकालांपासून सुरुवात करू नका. आधी वेस्ट आणि संस्कृतचे जर्मन पंडित ब्यूलर यांचा हिंदू कायद्याचा डायजेस्ट, म्हणजे सारसंग्रह, वाचा (दोन भाग, १८६७ आणि १८६९). कोर्टांना जोडलेल्या शास्त्र्यांनी वारसा, वाटणी यांवर दिलेली उत्तरं त्यात जिल्हा आणि तारखेसह आहेत. शास्त्र्यांची ती पदं १८६४ मध्ये सरकारने बंदच केली, म्हणून या संग्रहाचं मोल फार. वेस्ट हिंदू कायदा कुणाकडून शिकले हे निकालांत दिसत नाही, इथे दिसतं.

हे सगळं मुलकी सेवेतून आलेल्या न्यायाधीशांपुरतं. १८६१ च्या कायद्याने हायकोर्टात किमान एक तृतीयांश बॅरिस्टर आणि किमान एक तृतीयांश मुलकी अधिकारी लागत. बॅरिस्टरांचा माग वेगळा, त्यांची इथली जिल्ह्यातली नोकरीच नसते. मी वकील नाही, नियम बदललेही असतील, तेव्हा प्रवेशाच्या अटी स्वतः विचारून घ्या.

आणखी एक. १८८० च्या दशकात वेस्ट काही काळ इजिप्तमध्ये न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी होते आणि १८८७ पासून गव्हर्नरच्या कौन्सिलात. त्या वर्षांसाठी नुसतं न्याय खातं चाळत बसू नका. अर्ज मराठीत केला तरी खात्याचं जुनं नाव, म्हणजे ‘ज्युडिशियल डिपार्टमेंट’, त्यात जरूर लिहा.