मुलगी इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते, पण अर्थ सांगता येत नाही. मूकवाचन करून घ्यावं का?

तुमची मुलगी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मराठी माध्यमात सातवीला आहे. इंग्रजीचा धडा मोठ्याने, न अडखळता वाचते आणि काय वाचलंस विचारलं की गप्प होते. म्हणून मोठ्याने वाचणं बंद करून मनात वाचायला लावावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच तालुक्यात मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं म्हणणं, इतक्यात बंद करू नका.

आधी तिने कधी न पाहिलेला, तिच्या पुस्तकाच्याच पातळीचा पाच-सहा ओळींचा उतारा घ्या आणि पुस्तक तिच्यासमोर न ठेवता सावकाश वाचून दाखवा. मग मराठीतच विचारा, कोण होतं, काय झालं. ऐकून कळलं, पण तसाच दुसरा उतारा स्वतः वाचून कळला नाही, तर तिची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यातच जातेय. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण नुसती वाचनाची नाही, तिच्याजवळ इंग्रजी भाषाच कमी आहे. मग मोठ्याने वाचलं काय आणि मनात वाचलं काय. गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हेच सूत्रात मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्यच.

आपल्या सीमाभागातल्या मुलांची ही भाषेची बाजू फार लंगडी राहते आणि ते लक्षातही येत नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड विषय, बसच्या आणि दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये. कन्नड लिपीचा हिशेब देवनागरीसारखाच आहे, अक्षरं आणि स्वरचिन्हं ओळखता आली की अर्थ ठाऊक नसतानाही शब्द वाचता येतो. त्यामुळे न समजता वाचत जायची सवय इंग्रजी येण्याआधीच लागलेली असते. इंग्रजी स्पेलिंग मात्र या हिशेबात बसत नाही, म्हणून मुलं शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. तुमच्या मुलीचं पुस्तक उघडून बघा. तसं लिहिलेलं असेल, तर ती इंग्रजी वाचतच नाही, देवनागरी वाचतेय. ते खोडा.

वर्गातल्या प्रकट वाचनाचंही सांगतो. पाळीपाळीने परिच्छेद वाचायचा असला की आपल्या वाट्याला कुठला येणार ते मूल मोजून ठेवतं आणि तोवरचं काहीच ऐकत नाही. पाळी आली की सगळं ध्यान उच्चार चुकू नये याकडे. लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडलं, की माणसाचं लक्ष मर्यादित असतं. शब्द ओळखण्यातच ते संपलं तर अर्थासाठी काही उरत नाही. सगळा वर्ग ऐकत असला की ते आणखी लवकर संपतं.

घरी, एकट्या तुमच्यासमोर वाचलं तर हेच मोठ्याने वाचणं फार उपयोगी आहे, कारण कुठे कळलं नाही ते तुम्हाला ऐकू येतं. 'आय रेड इट यस्टर्डे' (I read it yesterday) हे वाक्य छापलेलं असेल आणि ती 'रीड' म्हणाली, तर कालची गोष्ट चाललीय हे तिला लागलेलं नाही. स्वल्पविराम नसतानाही अर्थ जिथे तुटतो तिथे नेमकी थांबली, तर वाक्य समजलंय. तोच छोटा उतारा तीन-चारदा वाचून घ्या. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालात, कुणीतरी चुका दाखवत करून घेतलेल्या अशा वाचनाने आकलन वाढल्याचं नोंदवलंय. मुलांना नुसतं 'मनात वाचा' म्हणून सोडून दिल्याने वाढतं, याला त्यांना पुरेसा आधार मिळाला नाही.

पण मूकवाचन टाळूनही भागणार नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्याने कोण वाचू देतं? शिवाय मनात वाचताना नजर मागे फिरवून तेच वाक्य पुन्हा बघता येतं, मोठ्याने वाचताना तोंड पुढेच ओढत नेतं. मनात वाचणं वेगवानही असतं: सरावलेले प्रौढ वाचक इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला साधारण २३८ शब्द वाचतात आणि मोठ्याने १८३, असं ब्रिस्बार्ट या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलंय. हा वेग तुमच्या मुलीसाठी नाही, तो मागूही नका.

एखादा उतारा तुमच्यासमोर मोठ्याने नीट जमला, की तेवढ्याच सोप्या दुसऱ्या उताऱ्यावर मूकवाचन द्या. आधी एकच प्रश्न सांगा, मग वाचायला सांगा आणि उत्तर मराठीत घ्या. सुरुवातीला ओठ हलतील, हलू द्या. आणि ऐकण्याच्या चाचणीत ती अडली असेल, तर निदान या सहामाहीत रोज थोडं इंग्रजी तिच्या कानावर पडू दे. तुम्हाला इंग्रजी वाचून दाखवणं जमत नसेल, तर मोबाईलवर मजकूर वाचून दाखवायची सोय असते, तीही चालेल.