ट्यूबचा गोडवा की मॉनिटरचा खरेपणा : बोनस कुठे घालावा?

प्रश्न : डोंबिवलीत १० बाय १२ च्या खोलीत गाणं ऐकतो, बहुतेक जुनं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. बोनसचे २ लाख ४० हजार हातात आहेत. दुकानात ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) आणि स्पीकर असा २ लाख ६० हजारांचा संच ऐकला, फार गोड वाटला. 'नो कॉस्ट ईएमआय'ही देतात. मित्र म्हणतो, ६५ हजारांचे स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओत वापरतात ते स्पीकर घे, रेकॉर्डिंगमध्ये आहे तेच ऐकू येईल. गृहकर्ज २२ लाख शिल्लक, व्याज ८.५ टक्के, १५ वर्षं बाकी. हप्त्यासकट महिन्याचा खर्च ५० हजार, अडीअडचणीसाठी २ लाख ठेवलेत.

उत्तर : मॉनिटर घ्या. मात्र अचूक म्हणजे रुक्ष, हा समज आधी सोडा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा बहुतेकांची पसंती सपाट, म्हणजे कुठलाही सूर न फुगवणाऱ्या, समतोल आवाजाच्या स्पीकरलाच मिळाली. तुम्हाला दुकानात जो गोडवा जाणवला, त्यात ट्यूबची थोडी विकृती (मूळ आवाजात ट्यूब घालते तो बदल) आहे आणि दुकानातल्या खोलीचाही वाटा आहे. ती खोली काही घरी येत नाही.

तुमच्या खोलीत १२ फुटांच्या बाजूमुळे ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या बाजूमुळे ५६ हर्ट्झला घुमारा बसणार, म्हणजे तेवढे खर्जाचे सूर फुगून ऐकू येणार. छत साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर दुसऱ्या घुमाऱ्याला तिथेच आणखी जोर मिळतो. स्पीकर ६५ हजारांचा असो वा सहा लाखांचा, हे टळत नाही. म्हणून थोडे पैसे खोलीवर घाला. मॉनिटर ६५ हजार, स्टँड ७, मोजणीचा यूएसबी माइक १२, आणि सुताराकडून करून घेतलेले रॉकवूलचे चार पॅनल ११. एकूण ९५ हजार. पॅनल २ बाय ४ फुटांचे, किमान ५० मिमी जाडीचे, वर सुती कापड. भिंतीपासून दोन इंच सोडून लावा. घुमारा त्यांनी जाणार नाही, पण आवाजाचा खणखणाट कमी होईल.

घुमाऱ्यावर उपाय मोजणीचा. माइक तुमच्या खुर्चीत कानाच्या उंचीवर धरा, 'रूम ईक्यू विझार्ड' या फुकट सॉफ्टवेअरने २० ते २०० हर्ट्झ मोजा आणि आलेखात जे उंचवटे दिसतील तेवढेच इक्वलायझरने कापा. खड्डे भरायला जाऊ नका. तिथे परतलेल्या लाटा एकमेकींना मारत असतात. ६ डेसिबल वाढवायला चौपट वॉट लागतात आणि खड्डा तसाच राहतो. मग हवी तेवढी गोडी मिसळा : १०० हर्ट्झखाली २-३ डेसिबल जास्त, आणि जुन्या तबकड्यांची खरखर बोचत असेल तर ५ हजार हर्ट्झच्या वरचं तेवढंच कमी. नव्या रेकॉर्डिंगला ते बंद करा. ट्यूबमध्ये हे बटण नाही, रंग कायमचा. शिवाय बहुतेक ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या विजेला होणारा अवरोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकर बदलला की आवाजाचा तोलही बदलतो. पॉवर ट्यूब साधारण दोन हजार तासांनी बदलाव्या लागतात. रोज तीन तास ऐकलंत तर दोन वर्षांत एकमेकींशी जुळणाऱ्या ट्यूबचा नवा (मॅच्ड) संच आणि त्यांचा विद्युतप्रवाह जुळवण्याचा (बायस सेटिंगचा) खर्च.

मॉनिटरची खोटही सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, तो वॉरंटीनंतर बिघडला की स्पीकरसकट दुरुस्तीला. पाच इंची वूफरचे (खर्जाच्या शंकूचे) घेऊ नका, आठ फुटांवरून ऐकताना ते दमतात. सात-आठ इंची बघा.

आता उरलेले १ लाख ४५ हजार. सहा महिन्यांचा खर्च ३ लाख होतो, म्हणजे १ लाख आपत्कालीन निधीत, तेही आधी. ४५ हजार गृहकर्जात भरा. हप्ता २१,६६४ च्या आसपास असेल. तो तसाच ठेवून मुदत कमी करायला बँकेला लेखी सांगा. सुमारे सात हप्ते, म्हणजे दीड लाख वाचतील. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला आगाऊ भरल्याचा दंड नसतो.

'नो कॉस्ट ईएमआय'त व्याज सवलतीच्या रूपाने वळतं होतं, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याच माथी. दुकानदाराला रोखीचा भाव विचारा. फरक निघाला तर तेच खरं व्याज.

तरीही ट्यूबची हौस असेल तर जरूर करा, मला त्यात गैर वाटत नाही. पण निधी पूर्ण झाल्यावर, महिन्याला सहा-सात हजार बाजूला टाकून आणि हौस या नावानेच. तेव्हा दुकानात दोन्ही संच फोनवरच्या डेसिबल मीटरने एकाच पातळीवर आणून ऐका, कारण जरासा मोठा आवाज प्रत्येकाला चांगला वाटतो. स्वतःच्या ओळखीची तीन ध्वनिमुद्रणं न्या, दुकानदाराची डेमो गाणी नकोत. आणि घरी ऐकून परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.